विसातल्या आठ जणी

फादर : संपासाठी यांचे कान मी भरले दादा, मग पोटावर पाय या बायकांच्या का?

मालक : मी कुणाच्या पोटावर पाय दिला? सख्खा धाकटा भाऊ म्हणून आत घेतलं तुला. मावशी, तुम्हीही बसा. तो मेणाचा खोका ओढा.

मावशी : उभीच बरी मी, मालक.

मालक : हो, सवय झाली असेल. महिनाभर कारखान्याच्या दारात उभ्याच होतात. याने प्रवचनात सांगितलं, देव गरिबांच्या बाजूने आहे, आणि वीसच्या वीस जणी वाती ओवायच्या सोडून बाहेर!

फादर : दिवसभर गरम मेणात हात, आणि मजुरी किती देत होतास?

मालक : बाजारात मेणबत्ती जाते त्या भावात बसेल तेवढी. भाव माझ्या हातात असता तर मीच देव झालो असतो. संप झाला आणि सगळी चर्च दुसऱ्या कारखान्याकडे वळली. तुझंसुद्धा.

फादर : आमच्या वेदीवर एकही मेणबत्ती उरली नव्हती.

मालक : आणि तिकडे स्वस्त मिळाल्या. खरं बोल.

फादर : ...मिळाल्या.

मावशी : असू द्या फादर. अंधारात का प्रार्थना होते?

फादर : यांना परत घे, दादा. हात जोडतो.

मालक : आता आठ जणींना पुरेल एवढंच काम उरलंय. आठ घेतो, सोमवारपासून. निवड तू करायचीस.

फादर : मी?

मालक : मी केली की मी राक्षस ठरतो. तुझा देव गरिबांची बाजू घेतो ना? इथे सगळ्याच गरीब आहेत. सांग, कुणाची घ्यायची?

फादर : माणसं आहेत ती. मी नाही निवडणार.

मालक : मग एकही नको. आणि नीट ऐक, आठ जणींनी पुरेसा माल काढला नाही, तर त्याही घरी.

मावशी : निवडा, फादर. तुमच्या शब्दावर सगळ्यांत आधी मीच जागेवरून उठले होते. तुम्ही ठरवाल ते देवाने ठरवल्यासारखंच आम्हाला. कुणी रुसणार नाही.

फादर : असं नका हो म्हणू, मावशी.

मालक : आटप लवकर. मला पाळ्या लावायच्यात.

फादर : (खाली बघत) मावशी... तुमच्यात सगळ्यांत भरभर हात कुणाकुणाचा चालतो?

मावशी : माझा नाही, फादर.