दर का वाढला, एवढंच सांगा

आदरणीय अध्यक्ष महोदया, मंचावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या ताई, त्यांचे यजमान आणि लेक, आणि हेडफोन बाजूला ठेवून आलेल्या माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो,

घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या आपल्या कंपनीत ताई आणि मी शेजारी बसून ग्राहकांचे फोन घ्यायचो. दरवर्षी दर वाढले की पहिला आठवडा कसा जातो, हे तुम्हाला मी काय सांगावं?

अशाच एका सकाळी घरी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा फोन आला. “दर का वाढला, एवढंच सांगा.” ताईंनी ठरलेलं उत्तर दिलं : खर्च वाढला, केबल बदलल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, “शेजारणीनं परवाच जोडणी घेतली, माझ्यापेक्षा स्वस्तात. तिची केबल वेगळी आहे का हो?”

ताईंनी ठरलेल्या उत्तराचा कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, “नाही. खर्च वाढतो हे खरंच आहे. पण नव्या माणसाला ओढायला सूट द्यावी लागते, आणि ती जुन्यांकडून भरून काढतात. जो काही बोलत नाही, त्याचा दर वाढत राहतो. जोडणी सोडते म्हणा, तुम्हालाही सूट मिळेल.”

आपले फोन ध्वनिमुद्रित होतात. दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या साहेबांनी बोलावून विचारलं, “तुम्ही पगार कुणाचा घेता?”

“तुमचाच. म्हणून तर आधी तुमचंच उत्तर दिलं.”

ताईंची बढती गेली. फोनवरून काढून त्यांना लेखी तक्रारींच्या खोलीत बसवलं. लेकीचं शिक्षण चालू होतं, म्हणून मी म्हटलं, “माफी लिहून द्या, विषय संपेल.” त्या म्हणाल्या, “लिहीन गं, पण काय चुकलं म्हणून लिहू?” पुढे कितीतरी दिवस डबा खाताना त्या मला विचारायच्या, आज कुणाकुणाचे फोन आले. त्यांना फोनवरचं बोलणं आवडायचं.

फोनवर त्या परत आल्याच नाहीत. मात्र आजच्या अध्यक्ष महोदया त्या साहेबांच्या जागी रुजू झाल्या, त्यांनी ताईंनी तक्रारींना दिलेली सरळ, खरी उत्तरं वाचली आणि नियम केला : जुन्या ग्राहकानं विचारलं, की सूट आपणहून सांगायची. दर पुढच्या महिन्यातही वाढणार आहेत, ते आपल्या हातात नाही. पण आता खरं सांगताना आपल्यापैकी कुणाला मागे वळून पाहावं लागत नाही.

ताई, सुखात राहा. मला बोलू दिलंत, याबद्दल मंचाची आभारी आहे. भावनेच्या भरात एखादा शब्द कमीजास्त झाला असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्यावा.