आमच्या ह्यांना सांगायचं राहिलंय

— नाही नाही, हात खाली नका घेऊ ताई, तसेच राहू द्या, मी जरा दम खाते आणि मग छाती मोजते. माझी नाही हो, तुमची! माझी मोजायची तर दोन टेपा जोडाव्या लागतील. हसा की, मीही हसते. हा? हा पंप. दमा आहे मला. लहानपणापासून? छे! लहानपणी मी झाडावरून खाली उतरत नव्हते — हे दुखणं चाळिशी उलटल्यावरचं. कशाने म्हणजे? धुळीने! बघताय ना, कापडाची बारीक कुसं, खडूची भुकटी, दिवसभर सगळं नाकातोंडात. वळा जरा. कोट कमरेत बसता हवाय ना?

आमच्या ह्यांना तर ते इतकं पटलंय, की सकाळी माझ्याआधी येऊन ओल्या फडक्याने मशिनं पुसतात — स्वतःच्या घरात कधी कप उचलला नाही त्या माणसाने! खिडकीला जाळी लावली, तोंडाला बांधायच्या पट्ट्या आणल्या. तरी माझी धाप काही थांबेना, तेव्हा म्हणाले, आता दुकानच नको. विकायचं. एक जण तयार झालाय घ्यायला, हे त्याला घेऊन आज दाखवायला येणारेत, येतीलच इतक्यात. मी काय म्हणणार? हे दुकान माझं हो, लग्नाआधीपासूनचं. इथे मी कुणीतरी आहे. घरी काय? तिसरा मजला, नुसता जिना. एकदा वर चढले की दुसऱ्या दिवसापर्यंत खाली यायचं नाव नाही. खिडकीत बसून लोकांच्या कोटांच्या बाह्या चुकल्यात का ते बघू?

काय म्हणालात? धूळ कमी नाही का करता येणार? अहो ताई — धूळ नाहीच. ऐका, कुठे बोलू नका. तपासण्या केल्या, धुळीचं काही निघालं नाही. हे खाली औषधं आणायला गेले होते तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाई, तुमचं वजन. मोठेपणी असा दमा होतो, वजनाने छातीला फुगायला जागाच राहत नाही म्हणे, आणि आणखीही कायकाय सांगितलं. थोडं जरी उतरलं तरी श्वास मोकळा होईल. मग विचारलं, कपडे घट्ट व्हायला लागले तेव्हा कळलं नाही का? मी म्हटलं, माझे कपडे घट्ट होतच नाहीत! खरंच होत नाहीत हो. शिवणीत जास्तीचं कापड सोडतो ना आम्ही, माया म्हणतो त्याला — जरा काचलं की टीप उसवायची, माया सोडायची, पुन्हा टीप मारायची. गप्पा मारतामारता हात करून मोकळा होतो. वर्षानुवर्षं मी स्वतःला ढिली करत आले आणि मला पत्ता नाही.

मग सांगून टाका — सोपं वाटतं ना? सासूबाई माझं ताट मोजायच्या. चार माणसांत. एकदा हे ताटावरून उठले, आईला म्हणाले, हिच्या ताटाकडे कुणी बघायचं नाही. त्या दिवशी वेगळे झालो आम्ही. जन्मात एवढंच भांडलेत ते, माझ्यासाठी. आता त्याच माणसाला सांगू, की तुमची आई बरोबर होती? लाज वाटते हो. मेल्याहून मेल्यासारखं होतं. कमी करीन म्हटलं गुपचूप, तर चालायला श्वास नाही, आणि श्वास हवा तर चालायला हवं — बसा बोंबलत! वर त्या धापेच्या गोळ्यांनी भूक अशी लागते, की इथेच पडद्यामागे खाते मी. घरी दोन घास. हे म्हणतात, बघ, धुळीने तुझं अन्नही तोडलं.

आले वाटतं. हो, तेच, आणि मागून तो — अहो, या ना, या. नाही, बरी आहे, घेतलाय पंप. ताई, असं बघू नका माझ्याकडे, सांगते, सांगते ना — अहो, ऐकता का? मला जरा तुम्हाला —

काही नाही. दाखवा त्यांना सगळं. हो, दोन्ही मशिनं जायची, कापायचं टेबलही. मला नकोय काही.

हे घ्या ताई तुमचं कापड. चौकाच्या पलीकडे एक शिंपी आहे, कोट बरा शिवतो. या तुम्ही आता.