काकूंच्या पायरीवरचा कॅमेरा

अरे, आमच्या कोथरूडच्या घराबाहेर कॅमेरा लावला ना, तेव्हाची गंमत ऐका. शेजारच्या गोगटेकाकू एकट्याच राहतात. ऐंशी ओलांडलीय, पण जीभ अजून तिखट. कॅमेरावाला शिडीवर चढला आणि काकू कुंपणापाशी हजर.

"अहो, यात माझं दार दिसणार का?"

मला वाटलं, झालं, आता भांडण. म्हटलं, "थोडंसं दिसतंय काकू, पण लगेच फिरवून घेतो."

"बघू."

मी मोबाइलवर चित्र दाखवलं. चष्मा पुसून त्यांनी निरखून पाहिलं.

"पायरी कुठे दिसतेय? अजून डावीकडे घ्या."

"म्हणजे तुमच्याकडे?"

"मग? तुमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय? सकाळी मी पायरीवरची दुधाची पिशवी उचलते. एखाद्या दिवशी नाही उचलली, तर येऊन दार वाजवा."

मी कॅमेरा डावीकडे वळवला.

तेव्हापासून मी आणि बायको चहा घेताना आधी काकूंची पायरी बघतो. परवा ऊन चढलं तरी पिशवी तिथेच! मी अनवाणीच धावलो, दार बडवलं.

काकूंनी शांतपणे दार उघडलं. "बघता की नाही, ते बघत होते. आता ती पिशवी घेऊन आत या, चहा टाकते."