मित्रोव्हदानची सूचना

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शीतगृहाचे संचालक माननीय गोरान येलिसावचिच, कामगार संघटनेच्या अध्यक्षा मिलुंकाबाई, सत्कारमूर्ती ल्युबिंकाबाई वासोविच, आणि रास्पबेरीचा हंगाम आटोपून आज कुठे स्वच्छ हातांनी खुर्चीवर टेकलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी गोठवणखात्याचा रादिसाव. माझ्याकडून शब्दसुद्धा गोठूनच बाहेर येतात, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

ल्युबिंकाबाईंनी आपल्या कर्मचारी विभागात उभा जन्म काढला. आपल्यातल्या निम्म्यांना त्यांनी कामावर घेतलं आणि उरलेल्या निम्म्यांना रजेवरून बोलणी घातली. त्यांचं अक्षर, त्यांची कॉफी, त्यांचा तो चष्म्यावरून बघण्याचा दरारा, हे सगळं आधीच्या वक्त्यांनी सांगून झालंय. मी सांगणार आहे ते सांगू नकोस, अशी त्यांनी मला ताकीद दिली होती. ल्युबिंकाबाई, माफ करा. आज तुमचं ऐकणार नाही.

कर्मचारी विभागाचं ते सॉफ्टवेअर आलं तेव्हाचे दिवस आठवतात ना? सकाळी फोन उघडला की सूचनांचा नुसता मारा! अर्ध्या कळायच्या नाहीत, अर्ध्या दुसऱ्याच्याच असायच्या. आणि पॅकिंगची वेरित्सा? वडिलांना स्मशानात पोचवून कामावर आली, तर फोनवर रंगीत फुगे! ‘आजचा आनंदाचा दिवस आमच्यासोबत साजरा करा!’ तिचा वाढदिवस होता हो त्या दिवशी. पोरगी कॅन्टीनमध्ये ताटावर डोकं टेकून रडली.

त्याच दुपारी ल्युबिंकाबाई कॉम्प्युटरवाल्यांपुढे जाऊन बसल्या. ‘सूचना मी लिहीन,’ म्हणाल्या, ‘तुम्ही फक्त पाठवा.’ आणि लिहिल्या. कोण, कधी, कुठे, एवढंच. फुगे नाहीत, टाळ्या नाहीत. रजा मंजूर असेल तर ‘मंजूर, जा.’ नसेल तर ‘नाही, आणि का ते मला येऊन विचार.’ स्लावाची सूचना आदल्या दिवशी सगळ्यांना जायची: ‘उद्या अमक्याच्या घरी स्लावा. दार उघडं आहे.’ कारण स्लावाला, आपल्या कुळाच्या संताच्या दिवसाला, आपण कुणाला बोलावणं धाडत नाही. ज्याला आठवण असते तो येतो, आणि ज्याच्या घरी कुणी येत नाही, त्याने काय समजायचं ते तो समजतो.

आणखी एक नियम त्यांनी घातला. ज्या घरात मृत्यू झाला, त्या घराच्या आनंदाच्या सूचना वर्षभर बंद. वेरित्सासारखं पुन्हा कुणाचं व्हायला नको. यात चुकीचं काही होतं का? आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही वाजवल्या.

मग ओग्न्येन गेला.

ल्युबिंकाबाईंचा एकुलता एक मुलगा. ऑस्ट्रियात ट्रक चालवायचा. तिहोमिर, म्हणजे त्यांचे यजमान, आधीच गेलेले. अंत्ययात्रेला हा अख्खा हॉल स्मशानात उभा होता, त्याबद्दल कुणालाच बोल लावता येणार नाही. पण पुढे शरद ऋतू आला, त्यांच्या संताचा दिवस मित्रोव्हदान आला. वासोविचांच्या घरची स्लावा.

तुम्ही म्हणाल, दुखवट्यात कसली स्लावा? अरे, स्लावा काय वाढदिवस आहे? दुखवट्यात गाणं नसतं, पण मेणबत्ती लागते, गहू शिजतात, पाव भाजतात, दार उघडं राहतं. हे आपल्याला कुणी शिकवावं लागतं का? पण कॉम्प्युटरमध्ये वाढदिवस, लग्न आणि स्लावा एकाच खणात टाकलेले. खण बंद झाला, त्यात स्लावाही बंद झाली. आदल्या दिवशी सूचना गेली नाही.

मी संध्याकाळी घरी आलो, बूट काढायला बसलो. माझी बायको झागोर्का काळा कोट घालून दारात उभी.

‘काढतोस काय बूट? आज मित्रोव्हदान. ल्युबिंकाकडे जायचंय.’

मी म्हटलं, ‘मेसेज आला नाही.’

‘कुणाचा मेसेज? संताचा?’ ती म्हणाली. ‘ऊठ, बावळटा.’

माझी बायको कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. देवाचे उपकार.

आम्ही पोचलो. नोव्हेंबरची थंडी, आणि दार सताड उघडं. घरातली ऊब सगळी रस्त्यावर चाललेली. आत टेबलाला टेबल जोडलेलं, शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या, पांढरं कापड, कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या सारम्यांचं मोठं पातेलं झाकलेलं. मेणबत्ती जळून जळून बोटभर उरलेली. मधोमध पाव. अख्खा.

पाव मोडला कसा नाही, हे मी विचारलं नाही. स्लावाचा पाव एकट्याने फिरवून मोडायचा नसतो. घरच्या माणसासमोर तो धरायला दुसरे हात लागतात. ल्युबिंकाबाई सकाळपासून त्या दुसऱ्या हातांची वाट बघत होत्या.

त्या उठल्या, राकियाचे पेले भरले आणि अगदी सहज म्हणाल्या, ‘बरं झालं आलात. मला वाटलं, लोक म्हणाले असतील, मुलगा गेला, आता त्या घरात स्लावा पुढे चालवायला कोण उरलं.’

मंडळी, मी गोठवणखात्यात एवढी वर्षं काढली. इतका गारठलो नव्हतो.

झागोर्काने पावाला हात लावला. मग मी लावला. आम्ही तिघांनी तो फिरवला, त्यावर वाईन ओतली, मोडला. ओग्न्येनचा वाटा ल्युबिंकाबाईंनी त्याच्या खुर्चीसमोर ठेवला. रात्री तीन माणसं बसून वीस माणसांचं जेवण जेवत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटर उघडला आणि सूचना का गेली नाही ते त्यांना दिसलं. मी शेजारीच होतो. मला म्हणाल्या, ‘म्हणजे विसरले नव्हते रे. त्यांना कुणी सांगितलंच नाही.’ केवढा आनंद झाला होता त्यांना! त्यांनी स्लावाचा खण वेगळा केला आणि मला दटावलं, बाहेर बोलायचं नाही, लोकांना वाईट वाटेल.

वाटू द्या! ल्युबिंकाबाई, खाली बघू नका, वाटू द्या त्यांना. सॉफ्टवेअर येण्याआधी तिहोमिरच्या अंगणात बसायला जागा मिळत नव्हती. तेव्हा कोण सूचना धाडत होतं? लक्षात ठेवायला यंत्र आलं, म्हणून आपण लक्षात ठेवायचं सोडलं. त्यांनी काळजीने एक आठवण करून दिली, आणि आपण ती काठी म्हणून धरली ती धरलीच.

त्यानंतर दरवर्षी सूचना गेली, दरवर्षी तुम्ही गेलात, घर भरलं. मग आज हे का उकरतोय? कारण उद्या सकाळी ल्युबिंकाबाईंचं खातं बंद होतंय. निवृत्त माणसाचं नाव यादीतून आपोआप गळतं. मी कर्मचारी विभागात जाऊन विनवण्या केल्या, संचालकसाहेबांकडेही गेलो. बाहेरच्या माणसाची माहिती ठेवता येत नाही, असा नियम आहे. साहेब, तुमच्यावर राग नाही. नियम आहे, मान्य. पण ज्या बाईने तुम्हा प्रत्येकाच्या दाराची खबर गावाला दिली, तिच्या दाराची खबर आता कुणीही देणार नाही.

संचालकसाहेबांनी हा कार्यक्रम ठरवला, मिलुंकाबाईंनी वर्गणीतून ते सुंदर घड्याळ आणलं, कॅन्टीनच्या बायांनी सकाळपासून राबून टेबलं सजवली, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. मी पाच मिनिटांची मर्यादा केव्हाच ओलांडली. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, काही उणंअधिक झालं असेल, तर ते या म्हाताऱ्याच्या खात्यावर टाका आणि पोटात घाला. ल्युबिंकाबाई, तुमचा शब्द मोडला, त्याबद्दल तुम्हीही.

आणि आता सगळ्यांनी फोन खिशात ठेवा, माझ्याकडे बघा. ही सूचना पुन्हा येणार नाही.

नोव्हेंबरची आठ तारीख, मित्रोव्हदान. वासोविचांच्या घरी स्लावा. दार उघडं आहे.