शीळ वाजंल का?

हॅलो?... हॅलो, कोन? राणी व्हय गं?... थांब, थांब, पत्र्याखाली रेंज न्हाई, बाहीर येते... हां, बोल आता.

बरी हाय... आण्णा बी बरं हायत. मेंढरं जाळीत घालाय लागल्यात. सांज झाली की हितं. तुज्याकडं दुपार असंल... जेवलीस का?... परत पावच? आगं, पीठ बांदून दिलं हुतं की पाच किलो... संपलं? बरं बाई.

आज दवाखान्याला सुट्टी? मग इवानबाबाच्या सैपाकघरात बसलीस म्हन की. काय म्हनतोय तुजा घरमालक?... अजून तसाच? आगं, सा म्हयनं झालं त्याचं म्होरलं दात जाऊन... एवडं वारं सुटतंय तुमच्या त्या वेल्समदी? लोकंडी गेट तोंडावर यावं म्हंजी काय!

आन दाताच्या डाक्टरकडं नंबर?... लागंनाच? मग ती कवळी दिलती की त्येला... काय? शीळ घालाय गेला आन कवळीच भाईर? मेंढरात पडली?... न्हाई गं, हसत न्हाई... बरं, हसले वाईच. तूच हसवतीस.

हं... हं... काय इकनार?

समदी? तीनशे मेंढरं?... कवा?... म्होरल्या म्हयन्याच्या बाजारात?... आन ते कुत्रं? मॉस का फॉस... त्येला बी दिऊन टाकनार?

...

वाईट वाटलं गं. चव्हात्तर वर्साचं एकटं मानूस, ना बायकू ना लेकरू. बर्फात मेंढरं राखतंय, कुनाम्होरं हात न्हाई पसरला कवा. तू सांगतीस तवा मला वाटतंय, लय जिगरीचं म्हातारं हाय. आन ते आता मेंढरं इकून खुर्चीत बसनार?

आगं, पत्र्याची शिट्टी घ्यावी की... घेतली? कुत्रं ऐकंना? कसं ऐकंल! नऊ वर्सं एका तोंडची शीळ ऐकलीया त्येनं. आमच्यात बरं, मेंढरंच शिळीवर येत्यात. तुमच्यात शीळ कुत्र्याला आन कुत्रं आननार मेंढरं. शीळ गेली म्हंजी समदंच गेलं की.

दात बसवाय तुर्कस्तान? कोन म्हनतंय?... त्येची भाची व्हय. जवळ पडतंय म्हनून?... फोटू बी पाठवलं त्यांनी? पांढरंफेक दात... मग जाऊ दे की तिकडं. आमच्याकडंच याया पायजे असं कुटं हाय?... काय?... काय इचारलं त्येनं?

शीळ वाजंल का?

आन काय म्हनली ती मानसं?... जबाबच न्हाई? निस्तं आनि धा फोटू पाठवलं?... शाना हाय गं तुजा म्हातारा! लय शाना! नेमकं तेच इचारलं बग.

ऐक ना, त्यो हाय का तितं बसलेला? मग फोन मोठ्या आवाजात कर आन टेबलावर ठेव. म्या सांगते, तू इंग्रजीत कर... राम राम म्हनावं... काय म्हनला?... गोड बोलतंय गं म्हातारं.

सांग त्येला, आमच्या ह्यांस्नी मेंढ्यानं धडक दिली हुती तवा असंच म्होरलं दोन गेलं. तू तवा मुंबईला नर्सिंगला हुतीस, तुला बी निम्मंच ठावं हाय. सांगितलंस?... हां. मग विश्रामबागंत संयोगिता डाक्टरीन हाय, तिनं दात बसवलं. आरशात बगितलं तर नवरदेव! गावात जो तो म्हनाय लागला, बिरदेव आण्णा धा वर्सांनी ल्हान झालं.

पन घरी आलं आन मानूस गप. चार दिस बोलनं न्हाई, च्याबी मागंना. मला वाटलं, दुखतंय. मग एक दिस बांदावरनं बगते, तर मेंढरं दुसऱ्याच्या मक्यात चाललीती, आन ह्यांनी दोन बोटं तोंडात घालून निस्तं फूऽ... फूऽ... वारं. मग पळत सुटलं, दगड उचलून मारला. राणे, तुज्या बानं जल्मात मेंढराला दगड मारला न्हवता गं.

...सांग, सांग. थांबते मी.

मग काय, दुसऱ्या दिशी म्या एस्टी धरली. भांडाय गेलते, खरं सांगते. म्हनलं, बाई, दात झ्याक दिलंस, पन माज्या नवऱ्याची शीळ कुटं ठिवलीस?... दुसरी कोन असती तर हसून घालवली असती. ही खुर्चीवरनं उठली आन म्हनली, मावशी, चुकलं माजं. काय काम करतासा ते मी आदी इचाराय पायजे हुतं.

मग त्या पोरीनं पक्कं दात काडलं, कच्चं घातलं. वाईच घासायची आन म्हनायची, आण्णा, घाला शीळ. फूऽ. आनि घासायची. घाला शीळ. फूऽ. दोन खेपा फुकट गेल्या. तिसऱ्या खेपंला जी वाजली म्हंतीस... खाली चौकातला पोलीस वर बगाय लागला! आन डाक्टरीन नाचली गं, हातमोज्यासकट! मग त्या कच्च्या दातांबरहुकूम पक्कं केलं तिनं. एवडीशी पोरगी, पन लय मोटी हाय बग.

त्या सांजंला ह्यांनी बांदावरनं शीळ घातली आन मी चुलीपाशी रडत बसले. ते न्हाई सांगितलं म्या कुनाला. तूबी त्येला नको सांगू... सांगितलंस? आगं बाई, काय पोरगी हाईस!

तू धाडलेला म्हाताऱ्याच्या दातांचा एक्स-रे म्या परवा दावला तिला, मोबाईलवरचा. ती म्हनली, बसत्याल. तीन आटवडं लागत्याल. आन म्हनली, शीळ वाजल्याबिगार पक्कं दात करनार न्हाई. ह्ये नीट सांग त्येला, दोनदा सांग.

काय म्हनतोय?... इमानात बसला न्हाई कवा? बसंल की. तू बसली न्हवतीस व्हय? उतरलं की मानसिंग सुबेदार गाडी घिऊन जाईल, त्येला फौजेतली इंग्रजी येती... ऱ्हानार कुटं म्हंजी? हितं. नवी खोली हाय, आत संडास हाय. मऊ भात दीन, दूद दीन. आण्णांसंगं रानात बसंल... त्येला आपली माडग्याळी मेंढरं दावलीस का फोटूत? नाक बगून हसला? हसू दे. पोपटावानी नाक हाय म्हनावं, पन चाल बग आदी.

हं... व्हय, ते खरं हाय. तीन आटवडं त्येची मेंढरं कोन बगनार?... तू? तू बगतीस? मग अडलंय कुटं! धनगराची लेक हाईस, तीनशेला काय भितीस!

मग?... काय म्हनतोय?... कानानं ऐकायचीया? बसवलेल्या दातांची शीळ? असं म्हन की! थांब.

आवंऽ! आवं, हिकडं या! सोडा ती जाळी... आवं, राणीचा फोन हाय. ह्यात शीळ घाला... ह्यात, ह्यात! घाला म्हनते न्हवं, इचारू नका. तुमच्यावानीच एक म्हातारा ऐकाय बसलाय... हां, जोरात!

...

ऐकली? हॅलो? राणे, ऐकली का?... कोन उटलं? मॉस? चुलीपासनं उटलं?... दाराकडं गेलं? आगं बाई... आवं, कुत्रं उटलं तितलं! तुमच्या शिळीनं! आनि घाला, आनि एक...

...

काय झालं?... गेलं? भाईर गेलं? दार उगडंच हुतं व्हय?... डोंगराला? मेंढराकडं?... पळतंय? आगं, आनू दे की... अं? घाट हाय पलीकडं? मोटारीचा?... मग परत बोलवा त्येला! म्हाताऱ्याला सांग...

फूऽ...

तेच का गं? तेच वारं?... ऐकू येतंय मला. नको घालू म्हनावं, दमंल. त्येला इचार, परत यायची शीळ कशी हुती. इचार लवकर!... एक लांब... आन बारीक दोन? आवं, एक लांब, दोन बारीक! राणे, तू फोन घिऊन भाईर पळ, दगडावर चड, हात वर धर!... घाला हो, घाला!

...

आनि एकदा.

...

हॅलो?... फिरलं का?... राणे, बोल की गं!... फिरलं? येतंय?... येतंय हो, येतंय! कुत्रं येतंय!

...

हं... हं... म्हातारा कुटं हाय?... खाली बसलाय? गवतात? कुत्र्याच्या गळ्यात पडून?... रडू दे. त्येला काय बोलू नको आता. बसू दे वाईच.

ह्ये बग, तुजं आण्णा बी डोळं पुसाय लागल्यात. कशाला व्हय, धूर गेला?... चूल कुटं पेटलीया अजून!

काय म्हनतोय?... परत सांग, नीट सांग... तिकीट काड म्हनतोय? त्योच म्हनतोय, का तूच म्हनतीस?... बाजारात जायाचं न्हाई म्हनतोय? आन मॉस कुटं जात न्हाई?... बरं. बरं गं बाई. लय बरं वाटलं.

तारीख कळव. उद्या डाक्टरीनीला फोन करते म्या... व्हय, व्हय... आगं, ऐक ना. त्येला यायला अजून म्हयना असंल न्हवं? मग तवर रोज ह्याच टायमाला फोन लावत जा. तुजं आण्णा घालत्याल शीळ. म्हाताऱ्याचं काम खोळंबाय नको, आन कुत्र्याची बी सवय मोडाय नको.

हां... ठेव आता. आदी ते दार लाव.