दोरीला टेकलेला पैलवान

एक्स-रेच्या खोलीबाहेर, प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून बसलेल्या तरुणाला शेजारी वाद घालणाऱ्या बाईंकडे आणि गृहस्थांकडे पाहण्याचा धीर झाला नाही. पण कान काही मिटता येत नाहीत.

"वहिनी, मी नवा लेख लिहिलाय. तुमच्या यजमानांच्या कंपनीने, त्या टीव्हीवरच्या ठरवून खेळायच्या कुस्तीत, दोन भावांच्या अबोल्याची कथा रचली होती ना, तिला मी तेव्हा रटाळ म्हटलं. चुकलो. फार संयत कथा होती ती."

"वहिनी म्हणू नका मला. संयत कसली डोंबलाची! यांची पाठ गेली होती. पाठीवर आपटावं लागू नये म्हणून अबोला रचला कंपनीने. नुसतं दोरीला टेकून उभं राहायचं."

"हे मला ठाऊक नव्हतं."

"पण लिहायला हात शिवशिवत होते! 'टेकू लावलेला पैलवान' म्हणालात. मग लोकही तेच ओरडायला लागले. कंपनीने कथा बदलली, आणि हे शिडीवरून उडी मारायला तयार! मी पाया पडले यांच्या. म्हणाले, एकदा त्या लेखवाल्याचं तोंड बंद करू दे."

"म्हणूनच तर आता लिहिलं, की जुनी कथाच..."

"आता? आता यांच्या पायात मोजे मी चढवते!"

दार उघडलं. आधी वॉकर बाहेर आला, मागून तो धिप्पाड माणूस. लेख लिहिणाऱ्या गृहस्थांना पाहताच त्याचा चेहरा उजळला.

"साहेब, तुम्ही! त्या उडीवर काहीच लिहिलं नाहीत?"

"तो खेळ... मी पाहिलाच नाही. तोवर तुमची कुस्ती बघणं सोडलं होतं मी."