‘आबा’च्या म्होरं

विट्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मयूरी प्रिंटर मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या पुढं एक म्हातारे गृहस्थ होते. दुकानदार शिवतेजनं त्यांचा लॅपटॉप चालू केला, तसा आतला पंखा घरघरायला लागला.

“आवं काका, बिघाड न्हाई ह्यो. अपडेट आपोआप सुरू होतंय आन् सगळा प्रोसेसर तेच खातंय. मग दुसरं काय चालणार?”

“आमाला न इचारता?”

“व्हय. लय दिवस बंद ठिवून चालू केला की हमखास.”

“त्या दिशी तसाच चालू केला हुता गड्या. पोरगं मदुराईला हुतं, सोनं गाळायच्या गलाईच्या दुकानात. त्यानंच दिलेला ह्यो. दवाखान्यातनं सुनंचा फोन आला, ह्यास्नी तुमाला बघायचंय म्हणून. माझा मोबाईल साधा. शेजारच्या पोरीनं ह्याच्यावर व्हिडिओ कॉल लावून दिला. दिसला की रं! ‘आबा’ म्हणाला आन् चित्र थांबलं.”

“मग?”

“पंखा नुसता वरडत ऱ्हायला. परत लागलं तवा सून एकटीच रडत हुती.”

मयूरीला मान वर करवेना.

“काका, मी अपडेटची वेळ ठरवून देतो. आता मधीच न्हाई सुरू व्हायचं.”

“ते ऱ्हाऊ दे. ‘आबा’च्या म्होरं काय बोलला, तेवढं ह्यातनं काढून दे.”

“न्हाई काका. कॉलवरचं बोलणं ह्यात साठत न्हाई.”

“नीट बघ की. तोंड उघडं हुतं त्याचं. मी बघितलंय.”

शिवतेजनं लॅपटॉप पुन्हा जवळ ओढला.

“बसा काका. परत बघतो.”